पहिल्या किकचा मान

हिंमतराव पाटलांची येझदी मोटारसायकल एका किकमध्ये चालू होते, हे नवापूरपासून शिरपूरपर्यंतच्या तमाम जुन्या गाडीवाल्यांना ठाऊक होतं. ती किक हिंमतराव मारत नाहीत, हे मात्र ब्राह्मणपुरी गावातल्या एका घराला आणि तालुक्याच्या एका शिपायालाच ठाऊक होतं.

गाडी घेतली शहाऐंशी साली. पहिल्याच दिवशी सासरची मंडळी ओट्यावर बसलेली असताना हिंमतरावांनी ऐटीत किक मारायला घेतली. पाय अर्ध्यातच सुटला आणि दांडी उलटी फिरून नडगीवर अशी बसली की जावईबापू आठ दिवस हळदीचा लेप लावून पडून होते. मधल्या काळात गाडीला गंज नको म्हणून नवी नवरी भिकुबाई हिनं पदर खोचून सहज एक किक मारली आणि गाडी चालू झाली. त्या दिवसापासून किकचं खातं भिकुबाईंकडे गेलं ते गेलंच. सकाळी घरी भिकुबाई, संध्याकाळी तालुक्याच्या कचेरीत शिपाई रेवजी, अशी तीस वर्षं हिंमतरावांनी कारकुनी केली. कचेरीतल्या मोठ्या साहेबाचाही असा थाट नव्हता. निवृत्तीनंतर गाडी फक्त शेतापर्यंत जाई. बांधावर ती चालूच ठेवून हिंमतराव पीक बघत आणि लगेच परत फिरत, त्यामुळे पीक त्यांना कधी नीट दिसलंच नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण पुण्याच्या मुलानं, धीरजनं, बापाला ‘खान्देश जुनी गाडी परिवार’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात घातलं. तिथं जो तो आपापल्या गाडीचं कौतुक करू लागला, तेव्हा हिंमतरावांनाही राहवेना. त्यांनी एका किकचा व्हिडिओ टाकला. व्हिडिओत फक्त गाडी, पाय आणि बूट दिसत होते. बूट हिंमतरावांचे होते. पाय भिकुबाईंचा होता. दोनशे अंगठे आले आणि हिंमतरावांचं नाव ‘एक किक काका’ पडलं.

मग ग्रुपाचे अध्यक्ष रूपचंदभाई यांनी जाहीर केलं की नंदुरबारला मेळावा होईल, आणि ज्याची गाडी सगळ्यांसमोर पहिल्या किकला चालू होईल त्याला मानाचा फेटा बांधला जाईल. खाली लिहिलं होतं, ‘एक किक काका येणारच.’ लोकांत कमावलेली चाळीस वर्षांची अब्रू आता एका दांडीवर लोंबकळत होती.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी भिकुबाईंनी नेहमीप्रमाणे किक मारली. गाडी फटफटू लागली.

“आते सांजलोंग बंद करानी नही,” त्या म्हणाल्या.

“दिनभर चालूच ठेवू?”

“मंग मारा किक.”

“तसं नही वं. स्पर्धा व्हई जाई, मंग मी पोचसू. फक्त हात हालावसू नि येसू.”

“त्यापेक्षा मीच येस.”

“तठे बाया नही येतस.”

“मन्हा पाय तं दोन महिना पहिलेच तठे जाई पोचना,” असं म्हणून भिकुबाई चुलीकडे वळल्या.

दहाची स्पर्धा चुकवायची, बाराला पोचायचं, असा हिंमतरावांचा बेत होता. पण तापीकाठच्या प्रकाशा गावी पोचतात तो रस्त्याच्या कडेला बावीस गाड्या ओळीनं उभ्या. बुलेट, राजदूत, जावा, सगळ्या पुसून लख्ख केलेल्या. मधोमध केळीचे बागायतदार रूपचंदभाई हात पसरून उभे होते.

“या या काका! तुमनाकरताच थांबेल शेतस. स्पर्धा बी तुमी पोचल्यावरच. चला, पहिले चहा.”

सगळे फुलीबाईंच्या टपरीवर बसले. हिंमतरावांची गाडी मात्र रस्त्यावर उभी राहून एकटीच फटफटत होती.

“काका, गाडी बंद नाही केली?” दामिनीनं विचारलं. ही नवापूरच्या बँकेत नोकरी करणारी मुलगी वडिलांची राजदूत घेऊन आली होती आणि मेळाव्याचा माईकही तिच्याकडेच होता.

हिंमतरावांनी चहाचा घोट घेतला. घोट घेईपर्यंत त्यांना उत्तर सुचलं. “जुनी गाडी नि जुना माणूस एकदाव चालू व्हयना का मधमा बंद नही कराना. इंजिनले झटका बसस.”

एका किकचा माणूस सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? जालमसिंग नावाचा एक धिप्पाड बुलेटवाला उठला आणि गुपचूप आपली गाडी चालू करून आला. त्याला सात किका लागल्या. त्याचं बघून दुसरा उठला, दुसऱ्याचं बघून तिसरा. पाच मिनिटांत सगळ्या बावीस गाड्या उभ्या जागी गरजू लागल्या आणि टपरीवर इतका धूर झाला की कोणाच्या हातात कोणाचा कप आहे ते कळेना.

“बंद करा रे त्या!” फुलीबाई पदरानं वारा घालत ओरडल्या. “मन्हा चहाले पेट्रोलना वास येई ऱ्हायना!”

उभ्या गाड्यांनी पेट्रोल प्यायल्यामुळे पुढच्या पंपावर सगळा ताफा वळला. तिथं ‘इंजिन बंद करा’ अशी हातभर पाटी. हिंमतरावांनी पाटी वाचली, हात हलवला आणि वेग कमी न करता पुढे निघून गेले. “काकांच्या गाडीला पेट्रोलसुद्धा लागत नाही,” असं मागं कोणीतरी म्हणालं. काकांचा लौकिक मैलामैलाला वाढत होता आणि लौकिक वाढेल तसे काका एक्सिलेटर अधिकच घट्ट धरत होते.

नंदुरबार जवळ येईपर्यंत मागच्या ताफ्यानं त्यांना गाठलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. नजर पोचेल तिथपर्यंत जमिनीवर लालभडक मिरची वाळत पडलेली, बाया तोंडाला फडकी बांधून ती उलथत होत्या, आणि वारा नेमका रस्त्याकडे होता. सगळ्यात पुढं हिंमतराव. पहिली शिंक त्यांनी दाबली. दुसरी अर्धी दाबली. तिसरी मात्र अशी आली की डोकं टाकीपर्यंत गेलं, डाव्या हातातला क्लच फटकन सुटला, गाडीनं दोन उड्या मारल्या आणि बंद पडली.

तेवीस जणांच्या शिंकांमध्ये ही शांतता कोणाच्या लक्षात आली नाही. मेळाव्याचं मैदान समोरच उताराला होतं. हिंमतरावांनी क्लच धरून ठेवला आणि गाडी मुकाट्यानं घरंगळत फाटकातून आत शिरली, मांडवासमोर येऊन थांबली.

“आवाजसुद्धा नाही!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. “याला म्हणतात गाडी!”

हिंमतरावांनी नमस्कार केला. कपाळावरचा घाम लोकांना मिरचीचा वाटला.

स्पर्धा सुरू झाली. ज्याची पाळी त्यानं गाडी मधे आणायची, चावी लावून किक मारायची. सुरू होण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून दामिनी माईक इंजिनाजवळ धरायची. पहिल्या किकला कोणाचीच होईना. जालमसिंगच्या बुलेटला अकरा लागल्या. खुद्द रूपचंदभाईंची नवव्या किकला खोकली आणि निपचित पडली. एकेक गडी बाद होत गेला, तसे लोक हिंमतरावांकडे बघत गेले.

“आणि आता,” दामिनी माईकवर म्हणाली, “ज्यांची आपण सगळे वाट बघतोय...”

“एक मिनिट. घर एक फोन करी लेस,” असं म्हणून हिंमतरावांनी गाडीआड बसून भिकुबाईंना फोन लावला.

“बंद पडनी ना?” पलीकडून पहिलाच प्रश्न आला.

“हळू बोल वं. आते काय करू ते सांग.”

“असं कसं सांगू? किक मारतांना गाडीना आवाज आयकू द्या माले. फोन स्पीकरवर टाका नि टाकीवर ठेवा.”

हिंमतरावांनी निमूटपणे फोन टाकीवर ठेवला. त्याच क्षणी दामिनीनं, काकांची तयारी झाली असं समजून, माईक पुढं केला. मांडवाच्या चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांमधून भिकुबाई बोलू लागल्या.

“आते ध्यान दीसन आयका! चाळीस वरीस व्हयनात, तुमी कधी किकले पाय लावा नही! घर मी मारू नि कचेरीमा रेवजीभाऊ मारे! त्या व्हिडिओमा बी पाय मन्हा नि बूट तुमना! इतला मोठा बूट, मन्हा पाय त्यामा चिचोक्यागत वाजे!”

मिरचीच्या पथाऱ्यांवरच्या बायासुद्धा उलथणी टेकवून ऐकू लागल्या. हिंमतरावांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण गाडीसकट आत जावं, किक मारायची तरी वाचेल. त्यांनी फोनवर झडप घातली, पण रूपचंदभाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ द्या,” ते हळूच म्हणाले. “वहिनी मव्हरे काय सांगतस ते आयकू द्या. मन्ही बी बंद शे.”

“आयकी ऱ्हायनात ना?” कर्णे गरजले. “पेट्रोलना कॉक उघाडा. आते ते बारीक बटन दाबा, बोट वलं व्हई तव्हलोंग. चावी नका लाऊ! चावीनीच घाई करतस तुमी, म्हणीसन ती लाथ मारस. बिगर चावीना दोन डाव हळूच दाबा. हळू म्हणनू मी!”

हिंमतरावांनी कॉक उघडला. बटण दाबलं. बोट पेट्रोलनं ओलं झालं. दांडी दोनदा हळूच दाबली. चाळीस वर्षांत ती पहिल्यांदाच त्यांच्या पायाखाली आली होती आणि नडगीला सगळं जुनं आठवत होतं.

“आते चावी. आते पाय ठेवा. आनि एक ध्यानमा ठेवा, पाय अर्धामा सोडानाच नही. घाबरीसन सोडी दिधा म्हणीसन तव्हय नडगी फुटनी. खालपावत जाऊ द्या. मारा!”

हिंमतरावांनी डोळे मिटले आणि पाय खालपर्यंत जाऊ दिला.

येझदी एका झटक्यात बोलली. दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर निघाला आणि तो फटफट आवाज कर्ण्यांमधून अख्ख्या नंदुरबारवर गेला. लोक उभे राहून ओरडत होते, जालमसिंगनं टोपी हवेत फेकली, आणि हिंमतराव हँडल धरून लहान पोरासारखे हसत होते. इतका आनंद त्यांना गाडी घेतली त्या दिवशीही झाला नव्हता.

“व्हयनी ना?” भिकुबाईंनी विचारलं.

हिंमतरावांनी फोनसमोर जोरजोरात मान हलवली.

“व्हयनी वहिनी!” रूपचंदभाईच ओरडले. “आते मन्ही बुलेट दखा जराशी!”

भिकुबाईंना आवाज ओळखीचा वाटेना. “कोन शे हाई? तठे कितला लोके शेतस?”

“तीन-चारशे व्हतीन.”

“अरे देवा!” कर्ण्यातून आलं. आणि लगेच, “बरं, बुलेटनं माले काही म्हाईत नही भाऊ. पन चावी शेवटले लावा नि पाय अर्धामा सोडू नका.”

रूपचंदभाईंची बुलेट पहिल्या किकला उठली. मग जालमसिंगची. मग दामिनीची राजदूत. मग रांगच लागली. बाद झालेल्या बावीसच्या बावीस गाड्या एकेका किकला चालू झाल्या आणि फेटा कोणाला, हा प्रश्न उभा राहिला. रूपचंदभाईंनी माईक घेऊन निकाल दिला, “फेटा भिकुवहिनीसले. हिंमतराव तो घर पोचता करतीन.” सगळ्यात जोरात टाळ्या हिंमतरावांनी वाजवल्या.

परतताना ते पंपावर थांबले, गाडी बंद केली, पेट्रोल घेतलं आणि किक मारली. टपरीवर थांबले, बंद केली, किक मारली. तापीच्या पुलाच्या अलीकडे काही कारण नसताना थांबले. घरी पोचायला त्यांना चार तास लागले.

फेटा बघून भिकुबाई म्हणाल्या, “मन्हा डोकावर पदर शे. हाऊ कोठे बांधू?” पण देवाशेजारच्या कोनाड्यात त्यांनी तो नीट घडी घालून ठेवला, आणि रात्री जेवताना दोनदा तिकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंमतराव ग्रुप उघडून बघतात तो रूपचंदभाईंनी भिकुबाईंना सल्लागार नेमून त्यांचा नंबर सगळ्यांना दिलेला. सहापासून फोन वाजत होता. भिकुबाई ओट्यावर पाठमोऱ्या बसून तळोद्याच्या कुणाला तरी कॉक कसा साफ करायचा ते समजावत होत्या. हिंमतरावांनी अंगणात गाडी काढली, बटण दाबलं, दोनदा हळूच, मग चावी, आणि पाय खालपर्यंत. एका किकमध्ये चालू! त्यांनी मान वळवून ओट्याकडे बघितलं. पाठ तशीच. त्यांनी गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. पुन्हा बंद, पुन्हा चालू, या वेळी एक्सिलेटर पिळून.

भिकुबाईंनी मागे न बघता फोनवरच्या माणसाला सांगितलं, “जराखा थांबा भाऊ, काही आयकू येत नही. आमना घर कोन्हीतरी नवीन शिकी ऱ्हायनं.”