बटण त्यांचं, पाठ माझी

यंत्रांच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही. हे मीच सांगतोय, कारण आमच्या घरात दुसरं कोणी सांगत नाही. नवी वस्तू घरी आली की लोक आधी माहितीपत्रक वाचत बसतात. मी ते घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारतो आणि थेट कामाला लागतो. माझं चष्म्यांचं दुकान आहे. डोळ्यांना धड न दिसणारे स्क्रू मी गप्पा मारता मारता बसवतो. मला दोन बटणांच्या डबीचं काय भय!

पण डबीकडे येण्याआधी सोफ्याकडे यायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं.

सासऱ्यांच्या घरातले पाण्याचे पाइप बदलायचं काम निघालं, म्हणून ते आमच्याकडे राहायला आले होते. लिफ्टची तपासणी करणारे अधिकारी म्हणून त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त झाले. निवृत्त झाले ते नोकरीतून, तपासणीतून नव्हे. त्यात आमचा नवा सोफा आला. दुकानाची माणसं तो जिन्यापाशी ठेवून निघून गेली, आणि सासऱ्यांनी लगेच सूत्रं हाती घेतली. ते वरच्या टोकाला, मी खालच्या, तोंडं एकमेकांकडे. दुसऱ्या वळणावर त्यांनी हुकूम सोडला, "डावीकडे!"

आता तुम्हीच न्याय करा. माझ्या धंद्यात डावा डोळा म्हणजे ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाचा डावा डोळा. मी गिऱ्हाइकाला स्वतःचा डावा डोळा झाकून दाखवत नाही. इतक्या वर्षांची सवय, इथे ऐकणारा मी, म्हणून मी आपला माझ्या डावीकडे वळलो. त्यांच्या धंद्यात मात्र डावी बाजू म्हणजे बोलणाऱ्या साहेबांची डावी बाजू, ती विचारायची सोय नाही. ते त्यांच्या डावीकडे वळले. सोफा जिन्यात आडवा बसला, तो असा बसला की जणू जिना त्याच्यासाठीच बांधला होता. आणि तो सोडवता सोडवता आम्हा दोघांच्याही पाठीत उसण भरली.

सोफा दुकानात परत गेला. शब्द मात्र परत जात नाहीत. सासरे म्हणाले, "ज्याला स्वतःचं डावं-उजवं कळत नाही, तो लोकांना चष्मे लावतो." मी म्हणालो, "बरं झालं बाबा, तुमच्या लिफ्ट नुसत्या वर-खालीच जायच्या." झालं! त्या क्षणापासून आमच्यात बोलणं बंद.

म्हणजे घरात बोलणं चालू होतं, पण सगळं बायकोमार्फत. ती औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून यायची आणि घरी आल्यावर आमचं टपाल वाटायची. त्यांना सांग, पंखा कमी करा. बाबांना सांग, पंखा कमीच आहे. त्यांना सांग, मग वारं कुठून येतंय? एकाच टेबलावर, एकाच पातेल्यातून वाढून घेत आम्ही हे करत होतो. पाठ दोघांचीही ठणकत होती, पण दुसऱ्यासमोर कण्हायचं नाही हा दोघांचाही निर्धार. ते उठताना खोकायचे, मी उठताना शीळ घालायचो. कळ लपवायची ज्याची त्याची पद्धत.

शेवटी बायकोनेच दोन यंत्रं आणली, एक त्यांना, एक मला. पाठीला चिकटवायच्या दोन मऊ पट्ट्या, मध्ये बिस्किटाएवढी डबी, आणि वायरीचं नावच नाही. सोबत एक चिमुकला रिमोट, त्यावर अधिक आणि उणे. विजेचे बारीक बारीक झटके कातडीखालच्या नसांना देत राहायचे, म्हणजे दुखण्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचतच नाही, असं तिने समजावलं. डॉक्टरांना विचारून झालं होतं. फक्त डबी आणि रिमोट यांची जोडणी तेवढी बाकी होती.

"ते मी बघतो," मी म्हणालो.

सासरे तेव्हा अंघोळीला गेले होते. खरं तर त्यांचं यंत्र त्यांच्या हातात द्यायचं, माझं मी घ्यायचं आणि एकेक करून जोडायचं. पण त्यासाठी बोलावं लागलं असतं. म्हणून मी दोन्ही यंत्रं टेबलावर मांडली, दोन्ही एकदम चालू केली आणि दोन्ही रिमोटांची मिळून चारही बटणं एकाच वेळी दाबली. हिरवे दिवे लुकलुकले आणि स्थिरावले. किती सोपं! एक जोडताना दुसरं बंद ठेवा, असं माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं होतं म्हणे. आमचं टेबल मात्र त्या दिवशी अजिबात डुगडुगत नव्हतं.

बायकोने दोघांच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, दोघांच्या हातात रिमोट दिले आणि कामावर निघताना मला दाराशी ओढलं. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"बाबांच्या घरचं काम झालंय. उद्या सकाळी जातायत ते. बॅग भरून ठेवलीय."

"बरं मग?"

"बरं मग काय? असे न बोलता गेले तर परत या घरात पाऊल टाकणार नाहीत. मी ओळखते त्यांना. काकांशी अबोला धरला तो शेवटपर्यंत." तिने चप्पल घातली, मग पुन्हा वळली. "मी संध्याकाळी येईन तेव्हा तुम्ही दोघं बोलत असायला हवं. मला बाकी काही नको."

हे तिने रागाने सांगितलं असतं तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं. ती रडवेली झाली होती. मला खरंच लाज वाटली. पण लाज वाटणं वेगळं आणि आधी तोंड उघडणं वेगळं.

बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या जागी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर सासरे बसले होते. दुसरीवर मी बसलो. पुन्हा तोंडं एकमेकांकडे. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं, मी एक जुनी चष्म्याची काडी पुसायला घेतली. काय बोलावं? हवापाण्याचं बोलावं तर खिडकी त्यांनाही दिसत होती.

म्हटलं, आधी जरा पाठ शेकून घेऊ. मी अधिकचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पाठीला ढिम्म काही कळेना. समोर सासरे मात्र खुर्चीत सरळ झाले. वर्तमानपत्र खाली आलं, त्यांनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला, आपला रिमोट उचलला आणि उणे दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. बहुधा उणे म्हणजे उलटं असावं असा त्यांनी तर्क केला, कारण त्यांनी अधिक दाबलं.

माझ्या कमरेत मुंग्यांचं वारूळ फुटलं!

आता कुठे यंत्र चालू झालं, असं मला वाटलं. पण जरा जास्तच चालू झालं होतं. मी घाईने उणे दाबलं. मुंग्या तशाच. तिकडे सासऱ्यांचा चेहरा मात्र निवळला. अधिकने आपल्याला आराम पडतो, हा त्यांचा सिद्धांत पक्का झाला. त्यांनी समाधानाने आणखी दोनदा अधिक दाबलं.

मुंग्यांच्या जागी आता बेडूक आले. पाठीचे स्नायू आपापल्या मर्जीने उड्या मारू लागले. माझं उणे काही कामाचं नाही, म्हटलं आपलंही उलटं असेल, म्हणून मी अधिक दाबलं. सासरे "हं" असा आवाज काढून खुर्चीतून चार बोटं वर उडाले आणि खाली आले. खाली येताच त्यांनी घाबरून आपल्या आवडत्या बटणाचा धावा केला.

तुम्ही म्हणाल, सरळ पट्टी उपटून काढायची की! ती पाठीच्या अगदी मधोमध होती, आणि पाठ वळत असती तर ती लावलीच कशाला असती? सासऱ्यांचीही तीच गत. राहता राहिला एक मार्ग, समोरच्याला सांगायचा. पण सांगणार कोण? जो आधी सांगेल तो हरला असता. म्हणून आम्ही दोघं समोरासमोर बसून, चकार शब्द न काढता, आळीपाळीने उडत होतो. ते खोकत होते. मी शीळ घालत होतो, आणि प्रत्येक झटक्याला तिचा सूर भलतीकडेच जात होता.

नेमक्या तेव्हाच समोरच्या घरातल्या परिचारिकाबाई आमची शिडी परत द्यायला आल्या. मोठ्या रुग्णालयात आयुष्य काढलेल्या बाई. दार उघडंच होतं. त्यांनी शिडी भिंतीला टेकवली आणि आमच्याकडे पाहत राहिल्या.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. त्यातला 'नाही' वरच्या पट्टीत गेला.

"काही नाही," सासरेही म्हणाले आणि उडाले.

बाईंनी आमच्यावर नजर रोखली. दोघांनी सकाळी एकच काहीतरी खाल्लं असणार आणि ते बाधलं असणार, असं निदान त्यांनी जागच्या जागी करून टाकलं. फोन काढून थेट माझ्या बायकोला लावला आणि कळवलं की तुमच्या घरातले दोन्ही पुरुष थरथरतायत, डोळे फिरलेत, शुद्ध आहे पण बोलत नाहीत. पलीकडून बायको काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. नंतर कळलं की ती म्हणाली, बोलत नाहीत ते जुनं आहे, थरथरतात ते नवीन आहे, मी निघालेच.

मग बाईंनी वडीलधाऱ्यांपासून सुरुवात केली. सासऱ्यांचं मनगट त्यांनी गच्च पकडलं. त्याच हाताच्या मुठीत रिमोट होता. बाईंची पकड म्हणजे साधी पकड नव्हे. मूठ आवळली गेली, अंगठा अधिकवर दाबला गेला आणि दाबलेलाच राहिला.

नाडी धरली सासऱ्यांची आणि किंचाळलो मी!

बाई दचकल्या. सासरे दचकले. बाईंनी हात सोडला, पुन्हा मनगट पकडून पाहिलं. मी पुन्हा किंचाळलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा रुग्ण त्यांनी पाहिला नव्हता, की ज्याची नाडी समोरच्याला लागते. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिरवे दिवे, चार बटणं, एकदम. यंत्रांच्या बाबतीत ज्याचा हात कोणी धरू शकत नाही, त्याने काय करून ठेवलंय ते मला कळलं.

आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "बाबा," मी म्हणालो, "तुमच्या हातातलं ते बटण दाबू नका."

इतक्या दिवसांनंतरचं आमचं हे पहिलं वाक्य. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिमोटकडे पाहिलं.

"कोणतं? हे?" म्हणून त्यांनी ते दाबून दाखवलं.

मी खुर्चीसकट मागे सरकलो. "तेच! बाबा, तुमचा रिमोट माझ्या पाठीला आहे. आणि माझा तुमच्या. जोडताना मी घोळ घातला. चूक माझी आहे."

शेवटचे तीन शब्द माझ्या तोंडून कसे निघाले मला माहीत नाही. विजेच्या दाबाखाली निघाले असतील.  सासऱ्यांनी रिमोट डोळ्यांजवळ धरून उणे शोधलं आणि सावकाश दाबलं.

"बरं वाटतंय?"

"अजून जरा."

"आता?"

"आता छान. तुमचं?"

"माझं उजवीकडे जास्त ओढतंय."

"तुमच्या उजवीकडे की माझ्या?" मी विचारलं. मी खरंच माहिती म्हणून विचारलं हो! पण सासऱ्यांच्या मिशा हलायला लागल्या. हसू आलं ते पोटातून. मलाही आवरेना. हसलं की पाठीत कळ यायची, कळ आली की आणखी हसू यायचं. परिचारिकाबाईंनी आता रिमोटांची अदलाबदल करा म्हणून सांगितलं, ते सासऱ्यांनी साफ नाकारलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "मी यांना विचारतो, हे मला विचारतात. बरं चाललंय."

मला भरून आलं. खोटं कशाला बोलू, सासऱ्यांविषयी असं काही वाटेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बाई डोकं हलवत गेल्या. बायको धापा टाकत जिना चढून आली तेव्हा आम्ही एकमेकांच्या पाठीची विचारपूस करत होतो. ती दारातच थांबली. वाढवू का, नको, असू द्या, चहा घेणार का बाबा, घेऊ की. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, पदर नाकाला लावला आणि चहा टाकायला गेली. डब्यांचे दिवे केव्हाच विझले होते, ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"बॅग उघड," सासऱ्यांनी तिला आत हाक मारून सांगितलं. "राहतो अजून. इतक्या दिवसांचं बोलायचं साठलंय जावईबापूंशी."

आणि ते बोलायला लागले. मी दार कसं लावतो, ते चुकीचं. ब्रश कसा धरतो, तेही. दुकानाची पाटी वाकडी आहे, गिऱ्हाइकाची खुर्ची एक इंच उंच आहे, माझं चालणं डावीकडे झुकतं, म्हणजे त्यांच्या डावीकडे. चहा झाला, जेवण झालं, दुसरा दिवस उजाडला, महिना उलटला. आज सकाळी मी हळूच बायकोला विचारलं की बाबांना पुन्हा कशाचा तरी राग येईल असं काही सुचतंय का.

माहितीपत्रक मी आता वाचून काढलंय. यंत्र वीस मिनिटांनी आपोआप बंद होतं. सासऱ्यांना तशी सोय नाही.