बोकेलेच्या बाजाराचे छप्पर

जगातला कोणताही वारा आपण होऊन वाहत नाही. त्यासाठी कोणाला तरी भिजावे लागते. हे थोर सत्य कांगो नदीकाठच्या आमच्या बोकेले गावाला फार उशिरा कळले. तोवर आम्ही नुसतेच भिजत होतो.

बाजाराचे छप्पर गळत होते. (गळत होते म्हणणे सौम्यपणाचे, छप्पर आणि पाऊस यांच्यात मतभेदच उरले नव्हते.) मासळीवाल्या बायकांनी महापौर लोफेम्बे यांच्याकडे नवे पत्रे मागितले. महापौरांनी हवामान कचेरीतल्या इसोंगो साहेबांचा अभिप्राय मागवला. त्यांनी सांगितले की वाफेचा पाऊस होताना तिच्या पोटातली ऊब वर आभाळातच सुटते, त्या उबेने हवा उंच चढते, लांब जाऊन वाळवंटांवर उतरते आणि तिची जागा भरायला चहूकडून वारे आमच्याकडे धावतात. दूरदूरचे वारे अशा पावसावर चालतात.

छपराबद्दल ते चकार शब्द बोलले नव्हते. महापौरांना तेवढे पुरले. दुसऱ्याच दिवशी बाजारात फलक लागला : 'हा बाजार गळत नाही. येथे जगाचे वारे तयार होतात.' पत्रे मागणे जगाच्या हिताविरुद्ध ठरले. गळतीखाली बादली ठेवणाऱ्यास ताकीद मिळू लागली. या कार्यात नागरिकांचा सहभाग शंभर टक्के भरला (छत्रीवाले धरून, छत्र्याही गळक्याच).

एकिला मावशींच्या धुरी दिलेल्या मासळीला बुरशी धरली. सगळी नदीत टाकावी लागली. मावशी रिकामी टोपली काखेत मारून थेट नगरभवनात गेल्या. त्या महापौरांच्या सासूबाई, आणि आमच्याकडे सासूला नाही म्हणायची पद्धत नाही.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "एवढं पुण्याचं काम चाललंय, आणि तुमच्या डोक्यावर कोरडं छप्पर? लोक काय म्हणतील हो?"

"आई, इथे सरकारी कागद असतात."

"असू द्या की. आजवर ते कुणाच्या कामी आले नाहीत, भिजून तरी येतील."

संध्याकाळपर्यंत नगरभवनाचे पत्रे उतरून बाजारावर चढले. महापौरांनी केळीचे पान डोक्यावर धरून, स्वखुशीने केलेल्या या त्यागावर भाषण केले.

आता जगाचे वारे थांबणार की काय, या काळजीने काही सुजाण नागरिक इसोंगो साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, छे, पाऊस पत्र्यावर पडो की टाळक्यावर, ऊब केव्हाच वर सुटून गेलेली असते. हे त्यांनी आधी का सांगितले नाही? कारण त्यांच्या कचेरीचे छप्पर शाबूत होते.

आणि वाचकहो, तुम्हीही हे सगळे हसत हसत वाचलेत, म्हणजे तुमचेही शाबूत दिसते.