अनुमोदक नको

आमच्या नॉटिंगहॅममध्ये मराठी माणसं एकमेकांना "कुणाची हरकत नाही ना?" असं विचारत नाहीत. खिडकी उघडायची असेल तर मुकाट्याने उघडतात, ताटातली शेवटची पुरणपोळी मुकाट्याने उचलतात. कारण हा प्रश्न चुकून तोंडातून निसटला आणि डॉक्टर वसंत वाघोलीकर मैलभराच्या टापूत कुठेही असले, तर एक हात वर जातो. हडकुळा हात, कार्डिगनची बाही कोपरापर्यंत घसरलेली. आणि पाठोपाठ आवाज येतो, "हरकत आहे!"

वाघोलीकरकाका निवृत्त दंतवैद्य. अर्ध्या गावाच्या तोंडात त्यांनी हात घातलाय आणि उरलेल्या अर्ध्या गावाच्या बोलण्यात तोंड. शेजाऱ्याने घर वाढवायला काढलं की कौन्सिल विजेच्या खांबावर नोटीस डकवते, कुणाची हरकत असल्यास कळवावी. काका कळवतात. गल्लीतल्या प्रत्येक नोटिशीला कळवतात. त्यांनी स्वतःच्या घरामागे कन्झर्व्हेटरी, म्हणजे काचेची खोली, बांधायला काढली, तेव्हा स्वतःच्याच अर्जाला पहिली हरकत स्वतःच घेतली. कौन्सिलमधल्या बाईंनी फोन करून विचारलं, "डॉक्टर, हे तुम्हीच ना?" काका म्हणाले, "हो, पण अर्जदार म्हणून वेगळा आणि नागरिक म्हणून वेगळा." ती कन्झर्व्हेटरी अजून झालेली नाही. काकांना त्याचा अभिमान आहे.

लेस्टरच्या देशपांड्यांच्या मुलीचं लग्न तर तिकडच्या बेलग्रेव्ह रोडवर आजही सांगतात. इथल्या रजिस्टर लग्नात रजिस्ट्रारबाई एक प्रश्न विचारतात. या लग्नाला काही कायदेशीर अडचण कुणाला ठाऊक असेल, तर आत्ताच सांगावी. जगाच्या सुरुवातीपासून या प्रश्नाला कुणी उत्तर दिलेलं नाही. काका उठले. हात वर. "हरकत आहे!"

मुलीची आई खुर्ची नव्हती तिथे बसली. नवऱ्यामुलाचा एक जुना फ्लॅटमेट कारण नसताना दाराकडे पळाला. रजिस्ट्रारबाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, "काय हरकत आहे?"

"मुलगा चांगला आहे," काका म्हणाले. "मुलगी तर फारच चांगली आहे. माझी हरकत तुमच्यावर आहे. तुम्ही प्रश्न विचारलात आणि श्वास न घेता पुढे गेलात. एखाद्याला खरंच काही सांगायचं असलं, तर त्याला खुर्चीतून उठायला तरी वेळ द्या."

बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला आणि पूर्ण एक मिनिट थांबल्या. त्या मिनिटात देशपांड्यांचे केस पांढरे झाले, असं मी सांगतो. देशपांडे म्हणतात की ते आधीच पांढरे होते. पण मी मागच्याच रांगेत होतो.

पण काकांचं खरं रणांगण म्हणजे आमचं महाराष्ट्र मंडळ. आम्ही इकडे येताना बॅगेत कुकर, गोडा मसाला आणि सभेचे नियम घेऊन येतो. वीस माणसं जमली की घटना, अध्यक्ष, चिटणीस, आणि प्रत्येक ठरावाला एक सूचक, एक अनुमोदक. सूचकाने मांडायचं, अनुमोदकाने हात वर करून "माझं अनुमोदन" म्हणायचं. त्याशिवाय ठराव चर्चेलाच येत नाही. चिटणीस मी. अध्यक्ष नाईकनवरे, इथल्याच हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ. सभा चालवतानाही त्यांचं कौशल्य लपत नाही. बोलायला लागले की पहिल्या रांगेपासून माणसं एकेक करून शांत होत जातात. ते मंडळाचे अध्यक्ष कधी झाले हे आता कुणाला आठवत नाही, आणि दर वार्षिक सभेला ते बिनविरोध निवडून येतात. म्हणजे आले असते.

"अध्यक्षपदासाठी माझंच नाव आलेलं आहे," नाईकनवरे चष्म्यावरून बघत म्हणतात. "कुणाची हरकत?"

दुसऱ्या रांगेतून हात. "हरकत आहे!"

"ठीक. काका, तुमच्या हरकतीला अनुमोदक कोण?"

"अनुमोदक नको."

"अहो, अनुमोदकाशिवाय हरकत टिकत नाही."

"पडू दे. इतिवृत्तात घ्या. हरकत माझी, माझ्या एकट्याची."

आणि हरकत पडते. दर वर्षी. चर्चच्या त्या गारठलेल्या हॉलमध्ये मी इतिवृत्तात लिहितो, वाघोलीकरांची हरकत, अनुमोदक नाही. मग बटाटेवडे.

लोक हसायचे. मीही हसायचो. माझी बायको मीनल मात्र म्हणायची, "अरे, ज्याला जिंकायचं असतं तो माणूस मदत घेतो. हे मदत का घेत नाहीत?"

काकांचं दुसरं वेड म्हणजे कॅप्टन. तरुणपणी काका पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात सरकारी इस्पितळात नोकरीला होते. देशाचं नाव ते घेत नाहीत, "तिकडे" म्हणतात, म्हणून मीही घेत नाही. तिकडे एका कॅप्टनची अक्कलदाढ काकांनी काढली. "तिकडचा सगळा गोंधळ त्या दाढेनंतरचा आहे," असं ते गंभीर चेहऱ्याने सांगतात.

दाढेची सूज उतरते न उतरते तोच कॅप्टनने रेडिओ स्टेशन ताब्यात घेतलं आणि जाहीर केलं की देश फार आजारी आहे, तो बरा झाला की मी बराकीत परत जाईन. मग त्याने स्वतःला कर्नल केलं. मग जनरल. छातीवर पदकं मावेनात तेव्हा म्हणे खांद्यामागे लावायला सुरुवात केली. पुढे गोऱ्या देशांना गणवेश खुपायला लागला, तसा त्याने तो उतरवला, पांढराशुभ्र पायघोळ झगा चढवला आणि निवडणूक घेतली. विरोधी उमेदवारांपैकी एक तुरुंगात होता, एक पॅरिसला होता, आणि तिसऱ्याला ऐन वेळी जेवण बाधलं. कॅप्टन लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष झाला. घटनेप्रमाणे दोनदाच उभं राहता येत होतं. दोनदा झाल्यावर त्याने घटना बदलली आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.

काका यातलं सगळं सगळं बघत. जीपी डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, बसस्टॉपवर, नातवंडांच्या बारशात फोन डोळ्यांशी धरून तिकडच्या बातम्या. मी एकदा म्हटलं, "काका, तो आता जनरल आहे, राष्ट्राध्यक्ष आहे. तुम्ही अजून कॅप्टन काय म्हणता?"

"मी दाढ काढली तेव्हा तो कॅप्टन होता. पुढच्या बढत्यांना माझी हरकत आहे."

आणि एक वाक्य ठरलेलं, "हा माणूस खुर्चीवरून उतरल्याशिवाय मी मरणार नाही, चिटणीस." त्यांच्या हृदयाला दोन स्टेंट होते. डॉक्टर आवराआवरीची भाषा करत होते. काका म्हणत, "आधी तो."

गेल्याच्या गेल्या वर्षीची सभा. नाईकनवऱ्यांनी विचारलं, काकांनी हात वर केला. मला काय सुचलं कोण जाणे. मीनलचं बोलणं डोक्यात असेल, किंवा नाईकनवऱ्यांचं भाषण. मी काकांच्या शेजारी बसलो होतो. मी हात वर केला आणि म्हणालो, "माझं अनुमो..."

शब्द पुरा झाला नाही. काकांनी माझं मनगट धरून हात खाली ओढला. ऐंशीच्या घरातला माणूस, पण आयुष्यभर लोकांच्या दाढा उपटलेला. पुढचा आठवडाभर मला डाव्या हाताने चहा प्यावा लागला. सभा हसली. मी काकांकडे बघितलं आणि माझं हसू गेलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. काकू गेल्यापासून घरात एकटेच असतात. फोनवर तिकडचा शपथविधी चालला होता, कॅप्टनचा पुन्हा एकदा. झगा, फुलं, तोफा. काकांनी आवाज बंद केला.

"हात दुखतोय?"

"नाही हो काका."

"खोटं बोलू नकोस, मी डॉक्टर आहे." मग म्हणाले, "अमादू म्हणून होता. माझ्या शेजारच्या खोलीत, डोळ्यांचा डॉक्टर. तिकडचाच. आम्ही इस्पितळाचा क्लब काढला. मी चिटणीस. मी त्यांना सगळं शिकवलं, सूचक, अनुमोदक. पिंगपाँगचं टेबल घ्यायचं तरी ठराव. अमादूला त्याची इतकी गंमत वाटायची! माझ्याकडे जेवायला यायचा. मी म्हणायचो, आणखी एक मासा घ्यावा. हा हात वर करायचा, अनुमोदन! मराठीत म्हणायचा. तुझी काकू हसून हसून लोळायची."

फोनवर कॅप्टन हात हलवत होता.

"रेडिओ स्टेशन घेतल्यावर कॅप्टन प्रत्येक कचेरीत जाऊन पाठिंब्याचे ठराव घेत फिरत होता. आमच्याकडेही आला. सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं. दारात बंदुका. ठराव वाचला आणि विचारलं, कुणाची हरकत?" काका माझ्याकडे वळले. "अरे, मला वाटलं तो विचारतोय."

मी फोनवरच्या झग्याकडे बघितलं.

"आपल्याकडे विचारतात तेव्हा सांगायचं असतं. मी हात वर केला. म्हटलं, सभेची नोटीस मिळालेली नाही. कॅप्टन हसला. दात चांगले होते, मीच साफ केलेले. तिथे थांबायचं की नाही? पण सवय. मी मागे वळून विचारलं, अनुमोदक?"

आता त्यांचा आवाज अगदी साधा झाला होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

"अमादूने हात वर केला. हसत होता रे. टेबलासाठी करायचा तसाच. मी परदेशी माणूस, मला विमानात बसवलं. इकडे आलो, परीक्षा दिल्या, दवाखाना टाकला, घर घेतलं. त्याला जीपमध्ये बसवलं. विचारपूस करायची आहे म्हणाले."

"मग?"

"मग काय? लंडनला त्यांच्या वकिलातीत दर वर्षी जातो. तिथला पोरगा फार नम्र आहे. म्हणतो, तुम्ही विचारायला आमची काहीच हरकत नाही." काकांनी फोन उलटा ठेवला. "कॅप्टन आहे तोवर कुणी सांगणार नाही. तो उतरला की तुरुंग उघडतील. तेवढ्यासाठी थांबलोय."

कॅप्टन गेल्या उन्हाळ्यात उतरला. निवडणुकीने नाही. एका सकाळी तिकडच्या टीव्हीवर एक तरुण अधिकारी आला आणि म्हणाला, देश फार आजारी आहे. काकांनी मला फोन केला, "चिटणीस, ये!" मी ऑफिसमध्ये पोट बिघडल्याचं सांगून धावलो. टेबलावर पेढे होते. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

तीन दिवसांनी तुरुंगाची दारं उघडली. कुणीतरी रस्त्यात उभं राहून घेतलेला व्हिडिओ होता. माणसं बाहेर येत होती, उन्हाला डोळ्यांवर हात धरत, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर. काका तो पुन्हा पुन्हा लावत. चेहरा आला की थांबवत, बोटांनी मोठा करत, नाक स्क्रीनला लावत.

"हा?" मी विचारायचो.

"नाही."

"हा?"

"नाही रे." मग एकदम फोन माझ्या हातात दिला. "मला तो तिशीतलाच दिसतो. हे सगळे म्हातारे आहेत. यातला एखादा तोच असला, तर मी ओळखणार कसा?"

वकिलातीत नवा माणूस आला होता. तोही नम्र होता. इतक्या जुन्या गोष्टीबद्दल आमच्याकडे काहीच नाही, म्हणाला. आणि तो तरुण अधिकारी, तोही कॅप्टनच निघाला, टीव्हीवर सांगत होता की देश बरा झाला की मी बराकीत परत जाईन.

"वाक्यसुद्धा बदललं नाही," काका म्हणाले. त्यानंतर त्यांनी बातम्या बघणं बंद केलं. पेढे तसेच राहिले. शेवटी मीच बिनमध्ये टाकले.

या वर्षीची सभा मागच्या महिन्यात झाली. हॉल तोच, हीटर तसाच बिघडलेला. काका यायला तयार नव्हते, मीनलने जवळजवळ ओढून आणलं. दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसले, कोट न काढता. नाईकनवरे बोलले, माणसं शांत झाली.

"अध्यक्षपदासाठी माझंच नाव आलेलं आहे. कुणाची हरकत?"

सगळा हॉल दुसऱ्या रांगेकडे वळला. काकांचे हात मांडीवर होते. किचनमधली किटली उकळून बंद पडली तेवढाच आवाज. नाईकनवऱ्यांनाही ते सोसेना. म्हणाले, "काका?" तुम्हाला खोटं वाटेल, पण त्यांच्या आवाजात विनंती होती.

काकांनी मान हलवली. नाही.

"म्हणजे बिन..." नाईकनवरे म्हणाले, आणि माझा हात वर गेला.

"हरकत आहे!"

"तुझी? कसली?"

कसली ते मलाही माहीत नव्हतं. "सभेची नोटीस मिळाली नाही."

"अरे, नोटीस तूच पाठवतोस!"

हॉलमध्ये हशा फुटला. मीनलने कपाळाला हात लावला. हशा ओसरेपर्यंत नाईकनवरे थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा नेहमीचे झाले. "ठीक. अनुमोदक कोण?"

अनुमोदक नको, असं म्हणायला मी तोंड उघडलं. शेजारी कोटाची सळसळ झाली. नेहमीसारखा भाल्यासारखा नाही, हळूहळू एक हडकुळा हात वर येत होता. मी वळून बघितलं. काका समोर बघत होते, आणि हसत होते. पिंगपाँगच्या टेबलासाठी हात वर करावा तसे.

"अनुमोदन," ते म्हणाले.

हरकत पडलीच. आम्ही दोघं एकीकडे, अख्खं मंडळ दुसरीकडे, नाईकनवरे पुन्हा अध्यक्ष. लोक वड्यांकडे गेले. काकांचा हात वरच होता. मी तो खाली ओढला नाही.