देवाला विचारून बसवलेला गिअरबॉक्स

मी आज पुन्हा गाडी चालवतो ती रघुबाबांमुळे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं वाचून मी कृतघ्न आहे असं कुणालाही वाटेल. तर गोव्यातल्या मयेचे हे रघुबाब स्वतःच्या मोटारीत चढताना चपला बाहेर काढतात. आणि स्टार्टर मारण्याआधी तिला विचारतात, "वचूंया मगे?" म्हणजे, निघायचं ना?

मोटार पोर्तुगीज अमदानीतली, काळी, हत्तीएवढी. लग्न करून बायकोला आणलं ते हिच्यातूनच. बायको गेली, मूलबाळ नाही, मोटार राहिली. तिच्यावर ओरखडा उठला तर हा माणूस दोन दिवस नीट जेवत नाही.

मी त्यांचा भाडेकरू. देवगडकडचा, आठवीतून शाळा सोडलेला, खाणीवर ट्रक चालवायला आलेला. गोवा राज्य झालं त्याच वर्षी ट्रकच्या फाळक्यात माझा डावा गुडघा चेंगरला. तो वाकेना. क्लच दाबता येईना, आणि दुसरं काही मला येत नव्हतं.

"क्लच जमना जाल्यार क्लचाबगर गाडी करूंया," रघुबाब म्हणाले. "तूं चलय. लग्नांच्यो वर्द्यो घे."

त्यांच्या भाच्याने दुबईहून, मोडीत निघालेल्या एका नव्या जपानी गाडीचा गिअरबॉक्स पाठवला. आपोआप गिअर बदलणारा, शिवाय ओव्हरड्राइव्हवाला. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर गाडी पळते आणि इंजिन मात्र सावकाश फिरतं. पेडल दोनच, दोन्ही उजव्या पायाची. मला रडू आलं. वाटलं, महिन्याभराचं काम. तेव्हा मी रघुबाबांना नीट ओळखत नव्हतो.

जुनं इंजिन आणि नवा गिअरबॉक्स यांची भोकं जुळेनात. मधली प्लेट डिचोलीच्या लेथवर चार वेळा झाली. मग मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आखूड करायचा होता. रघुबाबांनी गाडी जॅकवर चढवून, चाकं लोंबकळत असताना माप घेतलं. गाडी खाली उतरवली, तर शाफ्ट लांब! मग माणसं बसल्यासारखा भार यावा म्हणून मागच्या सीटवर तांदळाची दोन पोती, त्यांच्यावर मी, आणि गाडीखाली रघुबाब टेप घेऊन.

"हालू नाका रे सदू!"

"बाब, गुडघा दुखतोय!"

"गुडघो दुखूं दी. माप चुकूंक जायना."

शेवटी फक्त एक काम उरलं. गिअरबॉक्स जाडजूड, म्हणून पुढच्या दोन सीटांमधला तळाचा पत्रा कापायला हवा होता. रघुबाब ग्राइंडर हातात घेऊन उभे राहिले, आणि खाली ठेवून म्हणाले, "आदीं देवाक विचारूंया."

आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सोमवारी रघुबाब जाऊन आले. डावी. पुढच्या सोमवारी पुन्हा डावी. तिसऱ्या सोमवारीही डावी पडली, तेव्हा माझा तोल सुटला.

"बाब, देवाला गिअरबॉक्समधलं काय कळतं?"

"देवाक सगळें कळटा. तुका फकत घाई कळटा!" असं म्हणून ते पेज प्यायला गेले.

मी तणतणत, पाय ओढत गुरवाकडे गेलो. म्हटलं, "अहो, एका पत्र्यासाठी देव इतका का अडून बसलाय?"

गुरव बघतच राहिला. "कसलो पत्रो? ते तुज्या पायाचें विचारतात. 'सदूचो गुडघो परत वाकतलो काय?' तीन फावटीं तेंच विचारलें."

गुडघा बरा होणार असता, तर गाडी कापावीच लागली नसती. मी परतलो तेव्हा अंगणात ठिणग्या उडत होत्या. रघुबाब अनवाणी, गाडीत वाकून, स्वतःच्या हाताने पत्रा कापत होते. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

"बाब, मला सांगितलं का नाहीत?"

ग्राइंडर बंद झाला. "देव ना म्हणटा, तें तुका कित्याक सांगूं?"

दहा दिवसांनी गाडी रस्त्यावर आली. वाळपईच्या वाटेवर मोकळा रस्ता लागला, ओव्हरड्राइव्ह पडला, इंजिनचा आवाज एकदम खाली बसला. मागे बसलेले रघुबाब तेवढ्यात ओरडले, "सावकास रे! आतां ती म्हातारी जाल्या."

आईला पायाचं मी अजून कळवलेलं नाही. हिंमत होत नाही. पण एक दिवस याच गाडीतून रघुबाबांना देवगडला नेणार आहे. आईने पान वाढायचं आणि त्यांनी पोटभर जेवायचं. आणि ते शेजारी बसलेले असतानाच मी तिला सगळं सांगणार आहे.