दाजींचा टाळी-खालीचा क्लास

आमच्या घोडपदेवच्या चाळीत दाजी परबांना जिन्यात हाक मारायची सोय नाही. पायऱ्या ते ठेक्यात चढतात. मध्येच कुणी "काय दाजी?" केलं की "घातलंस मोडता!" म्हणत खाली उतरतात आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू. मासळीवालीकडेही तेच. चार बांगड्यांना टाळी, पाचव्याला हात नुसता हवेत. ती म्हणते, "दाजी, मासे घेताय की भजन करताय?"

भजनी मंडळात पखवाज वाजवण्यात हयात गेलेली, दुसरं काय होणार!

माझी सई तिसरीत. गणिताच्या चाचणीच्या दिवशी हमखास तिचं पोट दुखायचं. एकशे पाच सांगितले की १५ लिहायची. मी ओरडायची, ती रडायची. एकदा मात्र न रडता म्हणाली, "आई, मी ढच आहे." मी तशीच उठून तिला जे ते ठेक्यात मोजणाऱ्या दाजींकडे घेऊन गेले. बुडत्याला काडीचा आधार!

दाजींनी आधी वही मिटली. "गणित हातात असता गो, टकलेत नाय." शतकाला मांडीवर थाप, दशकाला टाळी, एककाला चुटकी. एकशे पाच म्हणजे एक थाप, मग हात नुसता हवेत, मग पाच चुटक्या.

"दशक नाय, तरी त्याची जागा सोडूची नाय. ही तालातली खाली. वाजना नाय, पण मोजूक व्हयी!"

महिनाभर मजल्याचे कान किटले. शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे, की दाजी थाप वाढवायचे.

मग शाळेतून बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, "सई पेपर लिहिताना हात का हलवते हो?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाई हसल्या. "हलवू दे. सगळं बरोबर आलंय."

संध्याकाळी सई पेपर घेऊन दाजींकडे धावली, मी पेढे घेऊन मागोमाग. दाजींनी पेपर शेवटपर्यंत बघितला आणि मांडीवर ठेवला.

"माका भागाकार येना नाय गो," ते हळूच म्हणाले. "चौथीत मास्तरान बाकार उभो केल्यान. त्या दिसापासून शाळेत पाय ठेवूक नाय. लग्नाच्या बायलेक पण कधी सांगूक नाय."

 सई त्यांना खेटून बसली. "आमचा भागाकार पुढच्या महिन्यात आहे. मी शाळेतून आले की तुम्हाला सांगेन. दोघं मिळून शिकू."

दाजींनी डोळे पुसले आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली.