खात्रीचा कुलूपवाला

संचालकांच्या ऑनलाइन व्यवसाय-सूचीत पाच हजार दोनशे अकरा धंद्यांची नोंद होती, आणि त्यांतले निदान नऊशे अजून चालू असावेत असा त्यांचा स्वतःचा अंदाज होता. समोरच्या इमारतीतल्या प्रतिस्पर्ध्याकडे नोंदी होत्या पाच हजार दोनशे. या अकरा नोंदींच्या जोरावर संचालक गेले तीन महिने मान ताठ ठेवून जिना चढत होते.

प्रतिस्पर्धी परका नव्हता, जुना भागीदारच होता. वेगळे झाल्यापासून दोघांचं लक्ष ग्राहकापेक्षा एकमेकांच्या पडद्यावर जास्त. संचालकांनी ‘शोधा’चं बटण हिरवं केलं की दुसऱ्या दिवशी भागीदाराचं बटण हिरवं होई. भागीदारानं नोंदींना तारे द्यायला सुरुवात केली, तेव्हा संचालकांनी आपल्याकडच्या सगळ्यांना सरसकट पाच-पाच तारे वाटून टाकले. मग भागीदारानं ‘स्वतः भेटून खात्री केलेले’ असा शिक्का काढला. तो संचालकांनी त्याच दुपारी पाच हजार दोनशे अकरा जणांवर एका दमात मारला.

“भावोजी, आपण तर कोणालाच भेटलो नाही,” मेहुणा म्हणाला. सूचीची मांडणी, रंग, नोंदी सगळं हाच करी. कचेरीतला कर्मचारीवर्ग म्हणजे तो एकटा.

“खालच्या बेकरीत रोज जातोस ना?”

“जातो.”

“बेकरीवाला आहे आपल्या सूचीत. म्हणजे सुरुवात झाली.”

एवढ्यात व्यापारी संघानं जाहीर केलं की आपल्या सगळ्या दुकानांच्या नोंदी एकाच सूचीला द्यायच्या. दुसऱ्यानं गाशा गुंडाळायचा, हे कोणी बोललं नाही, पण कळलं दोघांना. संचालकांना तर घरूनही तंबी होती. “हे काम हातचं गेलं, तर उद्यापासून माझ्या मावसभावाच्या गोदामात पोती मोजायला जायचं,” बायकोनं सांगितलं होतं, आणि ती बोलण्यात पाच तारे वगैरे ठेवत नसे.

ठरल्या दिवशी दोघं आपापले लॅपटॉप घेऊन संघाच्या खोलीत हजर झाले.

“आमच्याकडे तीन टिचक्यांत माणूस सापडतो,” संचालक म्हणाले.

“आमच्याकडे दोन,” भागीदार म्हणाला.

“घाईच्या वेळी आमच्याकडे एकीतही सापडतो.”

संघाच्या अध्यक्षबाईंचं रंगाचं दुकान होतं. वरचा थर खरवडून आत काय आहे ते बघायची त्यांना धंद्यामुळेच सवय. “ते कोपऱ्यातलं कपाट,” त्या म्हणाल्या. “किल्ली खजिनदारांनी हरवलीय. ठरावाची वही आत आहे, ती मिळाल्याशिवाय मला कोणालाच काम देता येत नाही. कुलूपवाला शोधा. ज्याचा माणूस आधी येईल, त्याचं काम.”

दोघांनी बोटं चालवली. दोन्ही पडद्यांवर एकदमच उमटलं: ‘एकनिष्ठ कुलूप सेवा. पाच तारे. दोनशे बारा अभिप्राय. स्वतः भेटून खात्री केलेले.’ नंबर तोच, फोटोही तोच. फोटोतल्या माणसाच्या हातात किल्ल्या नव्हत्या, बॅडमिंटनची रॅकेट होती.

“याला आधी कोण भेटलं?” बाईंनी विचारलं.

“मी,” दोघंही म्हणाले.

“यानं माझी नोंद उचललीय, बाई,” संचालक म्हणाले.

“मी कशाला उचलू? तूच माझं सगळं उचलतोस.”

मेहुण्यानं संचालकांची बाही ओढली. “भावोजी, जरा जपून. हा माणूसच नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“पान कसं दिसेल ते तुम्हाला दाखवायला मी नमुना केला होता. काढायचा राहिला. त्यानं आपला नमुनाच नेलाय.”

संचालकांना क्षणभर उकळ्या फुटल्या. चोर पुराव्यानिशी सापडला होता. पण चोरी सिद्ध करायची तर माणूस खोटा आहे हे सांगायला हवं, आणि माणूस खोटा म्हटलं की आपण त्याला भेटलो कसे, हे आलंच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिकडे भागीदाराला यातलं काही ठाऊक नसल्यानं त्याची गाडी सुसाट होती.

“मी त्यांच्या घरी जाऊन आलोय, बाई. मुलं फार गुणी.”

“मुली,” संचालकांच्या तोंडून निघून गेलं. “दोन. धाकटी गणितात कच्ची आहे.”

बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि स्वतःच नंबर फिरवला.

“नंबर कोणाचा टाकलास?” संचालक पुटपुटले.

“पाठ होता तो. आमच्या घरचा.”

फोन लागला. बाईंनी आवाज मोठा केला. “कुलूप सेवा, बोला,” पलीकडून खणखणीत उत्तर आलं. तो आवाज बत्तीस वर्षं सरकारी नकाशे काढून निवृत्त झालेल्या त्यांच्या सासऱ्यांचा होता.

वीस मिनिटांत सासरेबुवा खांद्याला पिशवी लावून आले, कपाटासमोर गुडघे टेकले, कान लावला, आणि बघता बघता दार उघडलं.

“बाबा, तुम्ही?” संचालकांनी हळूच विचारलं.

“काय करणार, जावईबापू. आठ महिने झाले, रोज फोन. कोणी दाराबाहेर अडकलंय, कोणी न्हाणीघरात. नाही म्हणवत नाही. शेवटी एका कारागिराकडे बसून शिकून घेतलं. तुमच्या सासूबाईंना वाटतं, मी फिरायला जातो.”

“तरीच,” मेहुणा म्हणाला. “अभिप्राय मी बाराच लिहिले होते.”

“तुम्ही यांच्यापैकी कोणाच्या सूचीतले?” बाईंनी विचारलं.

“कसली सूची? माझा नंबर लोकांना मिळतो कुठून, हेच कळत नाही. जावयांना विचारणार होतो, त्यांचा असलाच काही उद्योग आहे. पण ते नेहमी कोणाची तरी खात्री करायला बाहेर गेलेले असतात.”

भागीदार हसू लागला, तशा बाई त्याच्याकडे वळल्या. “यांची मुलं गुणी आहेत म्हणालात ना?”

सासरेबुवांनी मेहुण्यावर नजर टाकली. “एक मुलगी, एक हा. गुणांबद्दल कोणी सांगितलं यांना?”

भागीदाराचं हसू जागीच विरलं. बाईंनी वही काढून ठराव लिहिला: आलेला माणूस दोन्ही सूचींतला असल्यानं काम दोघांनी मिळून करावं. मात्र कुलूपवाल्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय एकही नोंद ठेवू नये.

गोदाम टळलं. पण पुढचे दोन महिने सासरेबुवा दारोदार फिरले, आणि लाल पेन्सिल घेऊन कचेरीत बसू लागले. पाच हजार दोनशे अकराच्या तीनशे चाळीस झाल्या. एका दुपारी त्यांची पेन्सिल एका ओळीवर थांबली.

“‘संस्थापक-संचालक. विश्वासू, कामाला तत्पर.’ ही नोंद कोणी तपासलीय?”

“बाबा, असं काय करता? तुम्ही स्वतः मला बारा वर्षं ओळखता.”

सासरेबुवांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“म्हणून तर अडलोय.”