वयस्क मादी, प्रकृती उत्तम

"तोंड बघून प्राणी कुणीही ओळखेल हो! मला नुसती पाठ दाखवा, मी त्याचं कूळ सांगतो!"

क्लेमंट मर्फिट दर महिन्याला हेडनहाइथच्या गावहॉलमध्ये उभा राहून ही गर्जना करी, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्याचा झाडाला बांधलेला कॅमेरा समोरून कुणीही हललं की आपोआप फोटो काढतो. पण जनावरांना फोटोची हौस नसल्याने बहुतेक मंडळी पाठमोरीच सापडतात. क्लेमंटचं त्यावाचून काही अडत नसे. शेपटीच्या टोकाला काळं आहे की नाही एवढ्यावरून तो स्टोट आणि वीझल या मुंगसासारख्या चुलतभावांना वेगळं काढी. धुक्यातल्या नुसत्या पायावरून बगळा सांगे. एकदा तर त्याने चिखलाच्या गोळ्याला "बॅजर, नर, चिडलेला" म्हटलं होतं, आणि गोळा खरोखरच चिडून निघून गेला होता!

घरच्या माणसांच्या बाबतीत मात्र हा हिशेब जरा कच्चा होता. बायकोने, म्हणजे नॉर्माने, लांब केस कापून कानापर्यंत आणले, ते त्याच्या ध्यानात आलं तीन आठवड्यांनी. तेही चिमणीच्या घरट्यात एक लांब करडा केस सापडला म्हणून.

"नॉर्मा, हा तुझा का गं?"

"होता," नॉर्मा म्हणाली.

तर या नॉर्माचं एक गुपित होतं, आणि ते ओलं होतं.

मैत्रिणीच्या, आयरिसच्या, कोंबड्या खुराड्यातून सोडायला म्हणून ती रोज सकाळी घराबाहेर पडे. कोंबड्या सोडी, हे खरं. पण मग आयरिसच्या परसामागे, विलोच्या झाडांखालून, ती सरळ ऊझ नदीत उतरे. अंगात आईचा जुना तपकिरी पोहण्याचा पोशाख, डोक्याला तपकिरी रबरी टोपी. पाणी असं गार की पहिल्या डुबकीला सगळे पूर्वज आठवावेत! पण त्यानंतर अर्धा तास स्वर्ग. कारण त्या अर्ध्या तासात, झाडावर कोणता पक्षी ओरडतोय, हे तिला कुणी सांगत नसे. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला एखादा पक्षी नुसताच, बिननावाचा ऐकायला मिळत होता.

क्लेमंटला कळलं असतं तर दोन गोष्टी झाल्या असत्या. आधी त्याने "या वयात गार पाणी? हृदय बंद पडेल!" म्हणून मनाई केली असती. ती परवडली. पण मग विरघळून तो म्हणाला असता, "बरं, मीही येतो." आणि थर्मामीटर, थर्मास, दोरखंड घेऊन काठावर बसला असता. "नॉर्मा, ऐक, ही पाणकोंबडी!"

त्यापेक्षा हृदय बंद पडलेलं बरं.

मे महिन्यातल्या बैठकीला क्लेमंट आला तो लग्नातल्या नवऱ्यासारखा मिरवत. नॉर्मा मागच्या टेबलावर चहा ओतत होती, आयरिस बशांत केक ठेवत होती. पुढच्या रांगेत रेग पीची बसला होता. मच्छीमार क्लबचा हा अध्यक्ष बोलायचा कमी आणि फुरफुरायचा जास्त.

"मंडळी," क्लेमंट म्हणाला, "आजचा फोटो पाहून कुणी खुर्चीतून पडू नये!"

पडद्यावर धुकं आलं. धुक्यात नदी आली. नदीत एक गोल, चकचकीत, तपकिरी डोकं आलं. तोंडाच्या दोन्ही बाजूंना काहीतरी लोंबत होतं.

नॉर्माच्या हातातला कप भरला, बशी भरली, टेबलक्लॉथही भरला.

"क्लेमंट," तिने कसाबसा आवाज काढला, "कॅमेरा बंधाऱ्यावर होता ना?"

"हलवला! आयरिसच्या मागच्या विलोवर बांधलाय. तिथे ठसे दिसले."

"कुणाचे?"

"तेच तर बघायचं होतं!"

"पाणमांजर आहे," रेग फुरफुरला. "त्यात काय?"

"पाणमांजर?" क्लेमंटला हसू आवरेना. "अरे रेग, घेर बघ, घेर! एवढं पाणमांजर असतं तर तुझी होडी गिळली असती त्याने! सील आहे, सील! भरतीबरोबर समुद्रातून वर आलीय. वयस्क मादी. प्रकृती उत्तम. चरबीचा थर तर फारच सुरेख. आणि मिशा बघा, मिशा!"

आयरिसने पडद्याकडे पाहिलं. नॉर्माकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"अगं बाई!" ती कुजबुजली. "नॉर्मा, ही तर तू—"

"गप बस."

"पण मिशा?"

"शेवाळ आहे ते!"

दुसरा फोटो पाठमोरा होता. मूर्ती चिखलातून चारही पायांवर काठ चढत होती. क्लेमंटचा सूर भक्तिभावाने भरून आला. "जमिनीवर बिचारीला किती त्रास होतोय पाहा. बांधाच पाण्यासाठी झालेला. आता हा मागचा भाग—"

"चहा थंड होतोय!" नॉर्मा ओरडली.

तिचा गुडघा दुखतो हे तिने क्लेमंटला वर्षभर सांगितलं होतं. सीलचा गुडघा त्याला एका फोटोत कळला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण रेग पीची उभा राहिला.

"मर्फिटसाहेब, तुमची ही बाई रोज किती मासे खाते?"

"भरपूर!" क्लेमंट अभिमानाने म्हणाला. स्वतःच्याच पायावर धोंडा!

"आणि रविवारी आमची स्पर्धा आहे. आम्ही गळाला काय लावणार, तुमचे फोटो? शनिवारी सकाळी दोन होड्या काढतो. पत्र्याचे डबे, भोंगे, सगळं घेऊन. हाकलत नेतो पार समुद्रापर्यंत! आणि ती परत येऊ नये म्हणून पुढे रोज पहाटे काठावर दोन माणसं बसवतो."

नॉर्माने मनात हिशेब केला. शनिवारी एक दिवस नाही गेलं तरी चाललं असतं. पण रोज पहाटे दोन माणसं! थर्मास घेऊन! नदी गेली म्हणायची, कायमची.

"शास्त्राच्या दृष्टीने—" क्लेमंटने तोंड उघडलं.

"तुझं शास्त्र आमचे मासे खातंय! हाकलायच्या बाजूने कोण? हात वर करा!"

हेडनहाइथमध्ये घरटी एक गळ आहे. हात भराभर वर जाऊ लागले.

"सांगून टाक गं," आयरिस कुजबुजली. "सांग की ती मीच म्हणून."

नॉर्माने पडद्याकडे पाहिलं. त्या तपकिरी, ओल्या, घेरदार पाठीकडे, आणि कडेने डोकावणाऱ्या पोटाकडे. आयुष्यभर प्रत्येक फोटोत श्वास रोखून जे पोट आत ओढलं, ते आज भर सभेत पुढे करायची पाळी आली होती. पण नदी हवी तर मोल द्यायला हवं. तिने किटली खाली ठेवली.

"क्लेमंट, मला बाई यातलं काही कळत नाही. पण ती... पोटुशी तर नाही ना?"

वर गेलेले हात तिथेच थांबले.

क्लेमंट पडद्याजवळ गेला. चष्मा पुसला. ज्ञानी माणसाची एक अडचण असते, बायकोला जे दिसलं ते आपल्याला दिसलं नाही असं त्याला चारचौघांत म्हणता येत नाही.

"अर्थातच!" तो म्हणाला. "मी तिथेच येत होतो! गाभण आहे. उघड आहे. दिवस भरत आलेत!"

"भरत नसतील आले," नॉर्मा घाईघाईने म्हणाली. "नुकतंच असेल. हिवाळ्यापर्यंत तरी जाईल, नाही का?"

"हिवाळाच!" क्लेमंट म्हणाला. "हेच म्हणणार होतो."

रेगचा हात सर्वांत आधी खाली आला. त्याची मुलगी सातव्या महिन्यात होती आणि माहेरी राहायला आलेली होती. तिच्यासमोर दार आपटायचीही रेगची छाती नव्हती.

"आता पोटुशीच्या मागे डबे वाजवायचे म्हणजे..." तो पुटपुटला.

"वाजवून तर बघा!" मागून त्याच्या बायकोचा आवाज आला. "मग घरी या!"

पाच मिनिटांत ठराव झाला. आयरिसच्या परसापासून नदीच्या वळणापर्यंत सकाळी आठपर्यंत कुणीही फिरकायचं नाही. स्पर्धा खालच्या पुलापाशी. खुद्द क्लेमंटनेही जायचं नाही. फक्त त्याचा कॅमेरा राहील, तोही पलीकडच्या काठावर. एका सीलपायी सगळा काठ सील झाला!

नॉर्मा खुर्चीत बसली आणि केकचे दोन तुकडे लागोपाठ खाल्ले.

शनिवारी ती काठावर आली तेव्हा क्लेमंटच्या हातची पाटी लागलेली होती: 'शांतता राखा. आई विश्रांती घेत आहे. खाऊ घालू नये.' नदी रिकामी. होडी नाही, गळ नाही, रेगचा कुत्रासुद्धा नाही. नॉर्मा पाठीवर तरंगली आणि कधी नव्हे ते पोट मोकळं सोडलं. झाडावर काहीतरी ओरडलं. कोण होतं देव जाणे! तिने समाधानाने डोळे मिटले.

पुढच्या आठवड्यात विलोखालच्या दगडावर कागदाची पुडी दिसली. आत ताजे, चमकणारे बांगडे! पुडीची गाठ नॉर्माने बघताक्षणी ओळखली. कॅमेऱ्याच्या दोरीला असते तीच, दोनदा फिरवून डावीकडे ओढलेली. नवऱ्याला गाठीवरून ओळखायला तिला पडदा लागला नाही.

मासे वाया कशाला घालवायचे? ती घरी घेऊन आली. भाजले, मोहरी लावली, टोस्टबरोबर वाढले.

"वा! झकास!" क्लेमंट बोटं चाटत म्हणाला. "कुठून आणतेस गं?"

"आयरिसच्या बाजूला मिळतात," नॉर्मा म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

असं महिनाभर चाललं. एक दिवस नाश्त्याच्या टेबलावर क्लेमंट नवा फोटो उघडून बसला. चष्मा वर, चष्मा खाली. मग आवाज एकदम उतरवून तो म्हणाला, "नॉर्मा, कुणाला सांगणार नाहीस ना? मी तिला मासे ठेवतोय."

"पण पाटीवर तर तूच लिहिलंस, खाऊ घालू नये."

"लिहिलं खरं. पण दोन जिवांची आहे बिचारी. राहवलं नाही."

नॉर्माला क्षणभर भरून आलं. हे ध्यान सीलशी का होईना, किती मायेने वागत होतं! सांगून टाकावं का? तिने तोंड उघडलंही.

"आणि गुण बघ माझ्या माशांचा!" क्लेमंटने फोटो तिच्यासमोर सरकवला. "मागच्या महिन्याचा घेर बघ, आणि आताचा बघ! एका पिल्लाने एवढं होणं शक्यच नाही. पुस्तकं काहीही म्हणोत, मी पैजेवर सांगतो, जुळं आहे!"

नॉर्माने तोंड मिटलं. फोटो नीट पाहिला.

"मग खायला नको का बिचारीला?" ती म्हणाली, आणि क्लेमंटच्या पुढ्यातला शेवटचा बांगडा उचलून आपल्या ताटलीत घेतला.